सामान म्हणून जाऊ नका, ताई

पत्र: मी लातूरजवळच्या एका गावात राहते, वय ५३. झेडपीच्या शाळेत शिक्षिका होते, मागच्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. आमचे हे मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होते, २८ वर्षं जहाजावर गेली, वर्षातले सात-आठ महिने बाहेरच. आता रिटायर झालेत आणि मुंबईत एक जुनी ३३ फुटी शिडाची बोट घेऊन ठेवलीय. म्हणायलेत डिसेंबरात निघू, किनाऱ्या-किनाऱ्यानं गोवा, कारवार करत कोचीला जाऊ, चार महिने बोटीतच राहू. बोट ते चालवतील, मला फक्त स्वयंपाकाचं बघायचंय. मला पोहता येत नाही. समुद्र दोनदाच पाहिलाय, दोन्ही वेळेस अलिबागला, शाळेच्या सहलीत. सासूबाई ७८ च्या आहेत. नणंदबाई म्हणतात ह्या वयात हे काय खूळ. आणि मी नको म्हणलं तर हे एकटेच जातील असं वाटायलंय. जाऊ का नको? अजून एक, बोटीवर देवघर ठेवता येतं का? (नाव छापू नका.)

उत्तर: ताई, सरळ सांगते, जा. पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य माझ्या डोक्यातून जाईना, "बोट ते चालवतील, मला फक्त स्वयंपाकाचं बघायचंय." दाजींनी हे मायेनंच म्हणलं असणार, तुमच्या जिवाला त्रास नको म्हणून, तरी ह्याच बोलीवर जाणार असाल तर जाऊ नका आणि दाजींनाही अडवा.

मी अंबाजोगाईची, सासर पुण्याचं, आणि आमच्या ह्यांना शिडाच्या बोटीचा नाद कॉलेजपासूनचा. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं एक अख्खा सीझन ३१ फुटी बोटीत राहिलो, मुंबई ते कोची, आणि आमचंही अगदी असंच ठरलेलं, बोट त्यांची, चहा-जेवण माझं. रत्नागिरीपर्यंत छान चाललं. मी धक्क्यावर दोरी फेकायला शिकले, हलत्या गॅसवर भाकरी भाजायला शिकले, बास. रत्नागिरीहून उजाडताच विजयदुर्गला निघालो, अठ्ठावीसेक समुद्री मैल, एक समुद्री मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, म्हणजे पन्नास किलोमीटर झालं आणि आमची बोट ताशी नऊ किलोमीटरनं चालणारी, सायकलपेक्षा हळू. अकराच्या सुमारास ह्यांच्या पाठीत कळ आली. आधी म्हणले पाठ धरली, दहा मिनिटांत खाली बसले, तोंड पांढरंफटक, उलटी झाली. मूतखडा होता हे नंतर कळलं. "सुकाणू धर" एवढं म्हणून आत जाऊन आडवे झाले.

तोवर मी सुकाणू फक्त फोटोपुरतं धरलेलं. दुपार झाली तसा समुद्रावरचा वारा वाढायला लागला, मागून भरलेला, शीड पूर्ण उघडं, बोट सुसाट, आणि मला शीड उतरवता येईना. दोरी सोडली, ओढलं, अक्षरशः लोंबकळले, कापड हलायला तयार नाही, कारण वारा मागून असला की शीड डोलकाठीच्या तारांवर दाबून बसतं, आधी बोटीचं तोंड वाऱ्याकडं फिरवावं लागतं, मग दाब जातो आणि कापड खाली येतं. एवढं साधं मला माहीत नव्हतं. हे आतनं कण्हत कण्हत "वाऱ्याकडं तोंड कर, वाऱ्याकडं" म्हणायलेत आणि मला वारा कुठून येतोय तेच कळेना, शेवटी ओढणी ज्या बाजूला उडायली होती त्याच्या बरोबर उलट्या बाजूला बोट फिरवली आणि शीड धाडकन खाली आलं, निम्मं पाण्यात. ते फाटेल म्हणून मी हातानं आत ओढून घेतलं, दोऱ्यापण ओढल्या, आणि मग इंजिन चालू केलं. एखादी दोरी पाण्यात राहिली असती तर बोटीखालच्या पंख्यात गुंतून इंजिन तिथंच बंद पडलं असतं, हेसुद्धा मला नंतर कळलं. किल्ल्याचे बुरूज दिसायला लागले तेव्हा एका मच्छीमार तांडेलानं आमची वाकडीतिकडी येणारी बोट पाहिली, आपली होडी जवळ आणली आणि हातानं खुणा करत आम्हाला खाडीत आत नेलं, नांगर कुठं टाकायचा ते दाखवलं, ह्यांना धक्क्यावर उतरवलं, रिक्षा बोलावली. पैसे घेतले नाहीत. ते गृहस्थ मी जन्मात विसरणार नाही.

खडा दोन दिवसांनी पडला, माणूस धड झाला. पण मी तिथून पुढं जायला आठ दिवस नाही म्हणलं. त्या खाडीत रोज सकाळी दोन तास हे हाताची घडी घालून गप्प बसायचे आणि सगळं मी करायचे, चुकलं तर परत. बोटीवर माणसं दोनच असतात ताई, एक आडवं झालं की दुसऱ्यानं बोट बंदरात न्यायची असते, आणि ते दुसरं माणूस तुम्ही आहात.

तर माझी अट ही आहे की निघायच्या आधी तुम्हाला चार गोष्टी एकटीनं यायला पाहिजेत, दाजींनी तोंड उघडायचं नाही. शीड उतरवणं वर आलंच. दुसरं नांगर. लोकांना वाटतं नांगर म्हणजे जड लोखंड, टाकलं की बोट थांबली. तसं नसतं, बोट धरून ठेवतो तो नांगराचा फाळ, जमिनीत आडवा ओढला गेला की रुततो, आपल्या रानातल्या नांगरासारखाच, आणि आडवी ओढ यायला साखळी भरपूर लांब सोडावी लागते, खोलीच्या निदान पाचपट. ह्यात भरतीचा हिशोब धरायचा, इथंच माणसं चुकतात. समजा ओहोटीला पाणी ५ मीटर आहे, भरतीला अजून ३ मीटर चढणार, आणि बोटीचं पुढचं टोक पाण्यापासून १ मीटर वर आहे, तर झाले ९, त्याची पाचपट ४५ मीटर साखळी. पाचाच्या हिशोबानं २५ सोडली तर संध्याकाळी बोट थांबलेली दिसेल आणि रात्री दोनला भरतीत चालायला लागेल. नांगर टाकून झाला की इंजिन रिव्हर्समध्ये टाकून हळू ताण द्यायचा आणि किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून ठेवायच्या, देवळाचा कळस आणि मागचा माड म्हणा, त्या दोन एकमेकांपासून सरकल्या की समजायचं नांगर घसरायलाय. रात्री पाण्याला उठलं की मी अजूनही सवयीनं खिडकीतून दोन दिवे एका रेषेत आहेत का बघते, पुण्याच्या फ्लॅटमध्ये.

तिसरं रेडिओ. व्हीएचएफचं चॅनल १६ हे अडचणीचं चॅनल, तिथं "मेडे" तीनदा, बोटीचं नाव, आपण कुठं आहोत ते जीपीएसवरचे आकडे वाचून, माणसं किती आणि झालंय काय. हे वाक्य कागदावर लिहून रेडिओशेजारी चिकटवा, घाबरलं की माणसाला स्वतःच्या बोटीचं नाव आठवत नाही. फोनला रेंज असेल तर कोस्ट गार्डचा नंबर १५५४. सॅटेलाइट फोन कुणी घ्या म्हणलं तर परवानगीशिवाय घेऊ नका, आपल्याकडं तो गुन्हा आहे. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत जे घडलं ते समुद्रातून आलेलं, तेव्हापासून किनाऱ्यावर चौकशी कडक झाली आणि ते बरोबरच आहे, बोटीचे कागद, आधार, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत हाताशी ठेवा. कारवारजवळ नौदलाचा मोठा तळ आहे, तिथून लांबूनच जायचं.

चौथं सगळ्यात महत्त्वाचं, माणूस पाण्यात पडलं तर. ह्याचा सराव नारळावर करायचा. सोललेला नको, अख्खा, कारण पाण्यात तो माणसाच्या डोक्याएवढाच दिसतो. दाजींनी तो न सांगता पाण्यात टाकायचा आणि तुम्ही बोट वळवून तो परत आणायचा. पहिल्या वेळेस तुम्ही मागं वळून बघाल आणि नारळ गायब असेल, दोन लाटांच्या मधे गेला की दिसतच नाही, तेव्हा माझ्या पोटात जो खड्डा पडला तो मला आजही आठवतो. म्हणून हाताचं बोट त्याच्याकडं दाखवत ठेवायचं, नजर हलवायची नाही, जीपीएसवरचं माणूस-पडलं बटन दाबायचं, तरंगणारं जे हाताशी असेल ते फेकायचं, मग वळायचं, आणि जवळ गेल्यावर इंजिन न्यूट्रल. आणि नुसतं जवळ जाऊन भागत नाही, भिजलेला ऐंशी किलोचा माणूस बाईला वर ओढता येत नाही, त्यासाठी मागं शिडी पाहिजे, दोरीचा फास पाहिजे, तो कसा अडकवायचा ते धक्क्यावर बांधलेल्या बोटीत दाजींना पाण्यात उतरवूनच करून बघा.

पोहता येत नाही ह्याची काळजी तुम्ही करायलात तेवढी मी करत नाही. शिका जरूर, आपल्याकडं पाठीला भोपळा बांधून विहिरीत शिकलेल्या बाया कितीतरी आहेत, ५३ काही वय नाही. पण चालत्या बोटीतून पडल्यावर पट्टीचा पोहणारापण बोट गाठू शकत नाही. पडायचंच नाही हा उपाय. लाइफ जॅकेट पट्टा असलेलं घ्या आणि बोटीच्या पुढच्या टोकापासून मागपर्यंत जो पट्टा ताणलेला असतो त्याला तो अडकवूनच पुढं जायचं, दोघांनीही, दाजी "मला काय होतंय" म्हणले तरी.

आता दाजींविषयी, रागावू नका. २८ वर्षं जहाजावर काढली म्हणून शिडाची बोट येते असं नसतं. ते इंजिन रूमचे माणूस. तिथं वारा लागत नाही, जहाज हजारो टनाचं, वर दिशा बघायला वेगळे ऑफिसर, हाताखाली माणसं. ही बोट पाच-सहा टनाची, वारा बदलला की तिचं सगळंच बदलतं. त्यांना डिझेल इंजिन, बॅटरी, पंप हे कुणापेक्षाही जास्त कळणार आणि त्याचा तुम्हाला फार मोठा आधार आहे, निम्म्या बोटी त्याच्याच पायी बंदरात अडकून पडतात. पण शीड त्यांनाही नवीनच असेल तर तुम्ही दोघं एकाच वर्गातले विद्यार्थी झालात की. मुंबईत गेटवेच्या बाजूला शिडाच्या बोटी शिकवणारे क्लब आहेत, दोघांनी मिळून नाव घाला, आणि शक्यतो वेगवेगळ्या बोटींवर बसा. नवऱ्याकडून गाडी शिकलेल्या बायकांना विचारा मी असं का सांगायले. ह्याचा अजून एक फायदा सांगते, ज्याच्या हातात सुकाणू असतं त्याला बोट लागत नाही, किंवा फार कमी लागते. उलट्या आतल्या माणसाला होतात, जो खाली वाकून कांदा चिरत असतो. पहिले दोन-तीन दिवस त्रास होणारच, डॉक्टरला विचारून गोळी आदल्या रात्रीपासून घ्या, आलं चघळा, आणि चालत्या बोटीत स्वयंपाक करूच नका, सकाळीच डबा भरून ठेवायचा.

कधी निघायचं? दाजी डिसेंबर म्हणतात, मी म्हणते येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, करून निघा. भावनेनं म्हणत नाही, म्हणजे भावना आहेच, लातूरच्या माणसानं येळवशीला रानात आंबील-भज्जी न खाता समुद्रावर असावं हे मलाच बघवणार नाही. पण हवामानाच्या हिशोबानंही ते बरोबर बसतं. अरबी समुद्रातली वादळं पावसाळ्याच्या अलीकडं आणि पलीकडं येतात. फयान २००९ ला ११ नोव्हेंबरला मुंबई-अलिबागच्या मधे आलं, ओखी २०१७ ला नोव्हेंबर संपता-संपता आलं आणि डिसेंबरातही समुद्रातच होतं, केरळचे कितीतरी मच्छीमार गेले त्यात. दुसऱ्या बाजूला तौक्ते मे २०२१ चं आणि निसर्ग ३ जून २०२० चं. म्हणजे हाताशी उरले जानेवारी ते मार्च, एप्रिल धरला तर चार महिने. ॲपवर नुसता सूर्य-ढग बघून निघू नका, हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा रोज वाचा, आणि लाटांचा अंदाज हैदराबादची इन्कॉइस संस्था देते, तोही.

आणि येळवस म्हणजे अमावस्या, अमावस्येला-पौर्णिमेला उधाणाची भरती, मुंबईत तेव्हा पाणी चार-पाच मीटर वर-खाली होतं आणि ओढ जबरदस्त असते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, शांत. म्हणून येळवस झाली की आठ दिवस सामान लावा आणि अष्टमी धरून निघा. दक्षिणेला जावं तशी भरती कमी होत जाते, गोव्यात निम्म्यावर येते, कोचीत तर मीटरभरसुद्धा नाही. तिथी बघायची सवय आपल्याला आहेच.

दक्षिणेला जायला ह्या दिवसांत वारासुद्धा आपल्या बाजूनं. शाळेत तुम्हीच शिकवलं असेल, खारे वारे आणि मतलई वारे. रात्रभर जमीन थंड होते, पहाटे जमिनीवरून मतलई वारा येतो, पाणी सपाट, तेव्हा निघायचं. दहा-अकराला सगळं पडतं, थोडं इंजिन लावायचं, आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा भरतो, तो दक्षिणेला जाणाऱ्याच्या पाठीशी. सूर्य बुडायच्या आत खाडीत शिरायचं, वायव्येच्या वाऱ्याला आडोसा असेल अशा जागी. रात्री चालवू नका, मोठ्या जहाजांपेक्षा भीती जाळ्यांची आहे, मैल-मैल लांब जाळी, वर एखादा बुचाचा तुकडा, दिवा असेलच असं नाही. पहिला टप्पा मुंबई ते मुरूड, आपलं लातूरचं मुरूड नव्हे, जंजिऱ्याचं, चाळीसेक समुद्री मैल. मग हर्णै, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड असं, कुठं बारा-पंधरा मैल तर कुठं तीसेक. मालवणला मात्र खडक फार आहेत, स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय आत शिरायचं नाही. मुंबई ते गोवा सगळं मिळून सव्वादोनशे मैलांच्या आसपास, पंधरा-वीस दिवस लावा, घाई काय आहे. परत येताना तोच वारा तोंडावर असतो, म्हणून बोट पावसाळ्यात कोचीच्याच बाजूला ठेवायचं आधी ठरवून ठेवा, बोलगट्टीला मरीना आहे, आणि तुम्ही रेल्वेनं घरी या.

आता एक गोष्ट जिच्यात तुम्ही दाजींच्या कितीतरी पुढं आहात. पाणी. एवढ्या बोटीत साधारण दोनशे-तीनशे लिटरची टाकी असते. चहूबाजूंनी समुद्र आणि प्यायला तेवढंच. मुंबई-पुण्याची माणसं बोटीवर येतात आणि दात घासताना नळ चालू ठेवतात, दुसऱ्या दिवशी टाकी निम्मी. आपण २०१६ काढलंय. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं ते जगाला बातमी म्हणून माहीत, तुम्हाला माहीत असेल की भांडी घासलेलं पाणी कुठल्या बादलीत जातं, तांदूळ धुतलेलं कुठं, आणि टँकर आला की पहिला हंडा कशाला भरायचा. ते सगळं जसंच्या तसं बोटीवर चालतं. आम्ही दोघांनी पिणं-स्वयंपाक-तोंड धुणं धरून रोज बारा लिटरमध्ये भागवलं. भांडी समुद्राच्या पाण्यानं घासायची, शेवटी तांब्याभर गोड्या पाण्यानं विसळायची, भाताला स्वच्छ खोल समुद्राचं एक भाग आणि गोडं दोन भाग, वरून मीठ लागत नाही. बंदरातलं पाणी नको, तिथं तेल असतं. सिंकला विजेचा पंप असेल तर बंद करून पायानं दाबायचा छोटा हापसा लावून घ्या, हापशाला पाणी वाया घालवता येत नाही. आणि खाण्यात येसर भरपूर न्या. गरम पाण्यात टाकलं की आमटी, ना भिजवायचं ना वाटायचं, त्या दमट हवेतही हवाबंद डब्यात टिकतं. धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ह्यावर आम्ही आठवडे काढलेत. आपलं खाणं मुळात पाणी कमी असलेल्या मुलखातलं, बोटीला फार चांगलं बसतं.

गॅसचं मात्र नीट ऐका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. घरात गळला तर दारं-खिडक्या उघडल्या की निघून जातो, बोट म्हणजे भांडं, गॅस तळाशी जाऊन बसतो आणि तिथंच राहतो, एक ठिणगी पुरते. प्रत्येक वेळेस, चहा दोन मिनिटांनी परत करायचा असला तरी, सिलिंडरचीच चावी बंद करायची. संडासाचा पाइप थेट समुद्रात जातो, त्याचा व्हॉल्व्हसुद्धा वापर झाला की बंद, नाहीतर पाणी उलटं आत येतं.

सासूबाईंचं. त्यांचं मन तुम्ही पत्रात लिहिलं नाही, वयच लिहिलंय. त्यांना विचारलंत का? चार महिने सलग जायचं हे दाजींनी ठरवलंय, देवानं नाही. हा किनारा म्हणजे भर समुद्र नव्हे, जवळजवळ प्रत्येक बंदराहून तास-दोन तासांत कोकण रेल्वेचं स्टेशन आहे, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ, मडगाव, कारवार. बोट खाडीत सुरक्षित लावून, दाजींना तिथं ठेवून तुम्ही ठाण्याला गाडी बदलून दुसऱ्या दिवशी लातुरात. किंवा दाजी जातील आणि बोटीवर तुम्ही राहाल, नांगर यायला लागला की तेही जमतं, मी राहिलेय. महिन्याला एक फेरी आधीच ठरवून तिकीट काढा, आणि मधल्या काळात घरी राहणारं माणूस पगारावर ठेवा, नणंदबाईंवर गृहीत धरून टाकू नका. त्यांचा राग बहुतेक तिथलाच आहे, आईचं आपल्यावर येणार हा. तो बिचारीचा चुकीचा नाही.

आणि तुमचं दोघांचं. २८ वर्षांत सलग चार महिने एका खोलीत तुम्ही राहिलाय का कधी? माझ्या हिशोबानं नाही. ते यायचे, पाहुण्यासारखं कौतुक व्हायचं, जायचे. घर, लेकरं, शाळा, पाणी, सगळं तुम्ही एकटीनं चालवलं, तुम्हालाही हुकूम ऐकायची सवय नाही आणि त्यांना तर हुकूम द्यायचीच. ३३ फुटांत रुसून बसायला दुसरी खोली नसते. आमच्यात एक नियम होता, बोट चालू असताना ज्याच्या हातात सुकाणू त्याचं ऐकायचं, भांडण नांगर टाकल्यावर. आणि एक दिवस ह्यांच्या हातात, एक दिवस माझ्या. तुमच्या दिवशी किती वाजता निघायचं, निघायचं की नाही, हे तुम्ही ठरवणार. दाजींना हे आज रात्रीच सांगून बघा आणि ते काय म्हणतात ते ऐका. "बरं, शिक" म्हणले तर सामान बांधायला घ्या. हसण्यावारी नेलं तर मुंबईला जाऊन बोटीत आठ दिवस नुसतं नांगरावर राहून या दोघं, मांडव्याच्या बाजूला, मग परत बोला. एकटे जातो म्हणले तर वर विजयदुर्गचं लिहिलंय ते त्यांना वाचायला द्या.

देवघर ठेवता येतं ताई, आमचंही होतं. मूर्ती नको, पडते. फोटो लॅमिनेट करून घ्या आणि स्टीलच्या स्क्रूनं भिंतीला बसवा, लोखंडी खिळे पंधरा दिवसांत गंजतात. समई-निरांजन आत लावायचं नाही, गॅसचं वर सांगितलंय, बॅटरीचा दिवा चालतो. आमच्याकडं आमच्या योगेश्वरीचा फोटो होता. अंबाजोगाईची योगेश्वरी कोकणातल्या कितीतरी घरांची कुलस्वामिनी, हे मी लहानपणापासून ऐकलेलं, तिथं जाऊन बघितलं. हर्णैच्या बाजूला पाणी भरायला कॅन घेऊन एका घरी गेलो, म्हातारीनं कुठल्या म्हणून विचारलं, मी अंबाजोगाई म्हणलं. ती काही बोलली नाही, हातातलं सूप खाली ठेवून आत गेली, हळदी-कुंकू घेऊन आली, मला लावलं, आणि मग माझ्या हातातला कॅन घेऊन विहिरीवर स्वतः शेंदायला लागली, मी धरू म्हणलं तर धरू देईना, दोन्ही कॅन काठोकाठ भरून दिले.